बद्रीनाथच्या गाडीतली नसलेली शिट्टी

माझं घर धावड्याला आणि शिवणकामाचं दुकान भोकरदनला, त्यामुळं या रस्त्यावर सीट वाहणाऱ्या बद्रीनाथने टर्बो गाडी आणली तेव्हा पहिल्या दिवशी तिच्यात बसायचा मान माझ्याकडे आला. दोन हजार तीन-चारची गोष्ट असेल. निघताना मी तोंडात एक बत्तासा टाकला होता. तो विरघळायच्या आत भोकरदनचा बसस्टँड दिसला. बत्तासा जरा मोठा होता, पण म्हणून रस्ता काही लहान होत नाही.

त्याआधी बद्रीनाथकडे जुनी जीप होती. ती चढाला लागली की आम्ही पाच-सहा जण उतरून शेजारून चालायचो, माथ्यावर जाऊन बिडी पेटवायचो आणि बिडी संपली की एखाद्याला मागं पाठवायचो, ती येतेय ना बघायला. ही नवी गाडी म्हणजे तशी नवी नव्हे. जालन्याच्या एका डॉक्टरने वापरलेली, पांढरी, नऊ सीटची. नऊ सीट म्हणजे सतरा माणसं, हे आमच्याकडे सांगावं लागत नाही. पण तिच्या इंजिनाला टर्बो होता.

टर्बो म्हणजे काय, ते इब्राहीम मिस्त्रीने मला समजावलं. इब्राहीमचं गॅरेज बसस्टँडसमोर, माझ्या दुकानाला लागून, दोघांत एकच भिंत. तो म्हणाला, "इंजिनातून धूर भाईर पडतो ना, त्याच्या वाटेत एक भिरभिरं बसवेल असतंय. धुराच्या जोरानं ते फिरतं. त्याच दांडीवर दुसऱ्या टोकाला दुसरं भिरभिरं. ते भाईरची हवा वढून इंजिनाच्या घशात कोंबतं. म्हणजे बघ पुंजाराम, आपलाच धूर आपल्यालाच पंखा मारून राह्यला."

मग तो बद्रीनाथकडे वळला. "आन् बद्रू, ध्यानात ठेव. हे भिरभिरं लई जोरात फिरतं, त्याला सारखं तेल लागतं. गाडी पळवून आणली आन् थांबवली, की झटक्यात किल्ली फिरवायची न्हाई. मिनिटभर इंजिन चालू राहू द्यायचं. भिरभिरं शांत झालं की मंग बंद."

बद्रीनाथने हे एखाद्या व्रतासारखं धरलं. गाडी थांबली, माणसं उतरली, तरी हा स्टिअरिंगवर हात ठेवून, मान खाली घालून मिनिटभर बसलेला. पाहणाऱ्याला वाटायचं, आत कुणाला श्रद्धांजली चाललीय. एकदा दोन अनोळखी माणसं टोपी काढून शेजारी उभीसुद्धा राहिली होती.

इतकं सगळं नीट चाललेलं असताना दिवाळीच्या सुमारास गाडीला शिट्टी लागली.

आधी मला वाटलं, मागच्या सीटवर कुणाच्या पिशवीत कोंबडीचं पिल्लू आहे. अॅक्सिलेटर दाबला की चींऽऽ करायचं, सोडला की गप्प. आठवड्याभरात पिल्लाचा कुकर झाला. मग तो कुकर असा काही वाढला की रस्त्याच्या कडेच्या वस्त्यांवर बायका आमच्या शिट्ट्या मोजून डाळ उतरवायला लागल्या. त्या वर्षी निम्म्या तालुक्याने कच्ची डाळ खाल्ली. एका शाळेच्या मैदानावर कबड्डी चालली होती, आमची गाडी गेली आणि दोन्ही संघ सामना संपला म्हणून घरी निघून गेले. पंच बिचारा तोंडातली शिट्टी काढून तिच्याकडेच बघत बसला.

गाडीला आवाज लागला म्हणजे इब्राहीम मिस्त्री, हे आमच्याकडे ठरलेलं. त्याची तपासायची रीत वेगळी होती. तो आधी बोनेट उघडायचाच नाही. गाडीपासून चार हात लांब उभा राहायचा, डोळे मिटायचा आणि हात वर करायचा. हात वर गेला की मी माझं शिलाई मशीन थांबवायचो, समोरचा हॉटेलवाला स्टोव्ह बारीक करायचा, आणि ज्याला खोकला येत असेल तो रस्त्यापलीकडं जायचा. मग मिस्त्री लांब दांडीचा स्क्रू ड्रायव्हर घ्यायचा, टोक इंजिनाला आणि मूठ कानाला. एकदा आष्टीहून एकाने ट्रॅक्टरच्या इंजिनाशी फोनचा रिसीव्हर धरला होता. मिस्त्रीने इथल्या एसटीडी बूथमध्ये उभं राहून सांगितलं, तिसरा नोझल गेला. वर हेही सांगितलं की ट्रॅक्टरशेजारी जो माणूस उभा आहे त्याला सर्दी झालीय. दोन्ही खरं निघालं.

तर बद्रीनाथने गाडी आणून उभी केली. मिस्त्रीने हात वर केला. मी मशीन थांबवलं. बद्रीनाथने अॅक्सिलेटर दाबला आणि शिट्टी अशी सुटली की माझ्या डबीतल्या सुया नाचायला लागल्या. मिस्त्रीने डोळे मिटले, स्क्रू ड्रायव्हर कानाला लावला, बराच वेळ ऐकलं. मग डोळे उघडून म्हणाला,

"कोणती शिट्टी म्हणतो रे? इंजिन साखर हाय, साखर. जा, सीट भर."

बद्रीनाथने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे. मिस्त्री कपड्याला हात पुसत आत निघून गेला, आणि आम्ही दोघं कानात ती कर्कश शिट्टी घेऊन तिथंच.

त्याच दिवशी असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजेला मिस्त्री मशिदीत गेला तेव्हा कमरबी चहा घेऊन आली. कमरबी म्हणजे मिस्त्रीची बायको. गॅरेजच्या मागंच त्यांचं घर. एरवी ती कप ठेवून जायची. आज थांबली.

"बद्रीभाऊ, गाडीची शिट्टी मी सैपाकघरात ऐकली," ती म्हणाली. "त्यांना न्हाई ऐकू आली ना?"

बद्रीनाथने चहाचा कप उचलला.

"जाड आवाज येतेत त्यांना. ट्रकचा येतो, तुमचा येतो. बारीक न्हाई येत. कुकर शिट्ट्या मारून मारून थकतो, हे शेजारी बसून पेपर वाचत राह्यते. दोनदा डाळ जळाली. मी कुणाला बोलली न्हाई."

आम्हा दोघांनाही ईदची गोष्ट आठवली. त्यांचा मुलगा महेबूब औरंगाबादला स्पेअर पार्टचं दुकान चालवतो. पोरगा गुणी. आईबापाला घेऊन जायचं म्हणून दोन वर्षं मागं लागला होता. तिसऱ्या मजल्यावर त्यांच्यासाठी खोली रंगवून ठेवली होती. ईदच्या दिवशी शीरखुर्मा खाताना त्याने परत विषय काढला, तेव्हा मिस्त्री आम्हा सगळ्यांसमोर बोलला होता, "ज्या दिवशी मला आवाज ऐकून गाडीचा रोग सांगता येणार न्हाई, त्या दिवशी मी माझ्या हातानं शटर वढीन आन् तुझ्या मागं येईन. इब्राहीमची जबान हाय." आणि जबान दिली की हा माणूस फिरवायचा नाही, हे महेबूबला माहीत, कमरबीला माहीत, आम्हालाही माहीत.

"महेबूब या जुम्म्याला येनार हाय," कमरबी म्हणाली. "त्याला ह्या शिट्टीचं समजलं तर झालं. माझं काय, मी कुठं बी रोटी थापीन. पर हे मानूस तिथं तिसऱ्या मजल्यावर बसून काय ऐकंल?"

बद्रीनाथने चहाचा कप खाली ठेवला. टोपी सारखी केली.

"भाबी," तो म्हणाला, "कसली शिट्टी?"

दुसऱ्या दिवसापासून आमच्या रस्त्यावर जे सुरू झालं ते मी पाहिलं नसतं तर मलाही खोटं वाटलं असतं.

सकाळी पहिल्या फेरीला भाजीवाल्या साळूबाई पुढच्या सीटवर माझ्या शेजारी बसल्या. चढ लागला, शिट्टी सुटली.

"आरं बद्रीनाथ, ही गाडी वरडून राह्यली ना!"

"कोण वरडतंय, मावशी?"

"गाडी! दुसरं कोण, मी का?"

"मला तर काही ऐकू येईना. तुमच्या कानातली बुगडी घट्ट झाली आसंल."

"बुगडी मी मागच्या साली मोडली, मेल्या!"

मग मला साळूबाईंच्या कानात सगळं सांगावं लागलं. मिस्त्रीचा कान, पोराला दिलेली जबान, तिसरा मजला. त्यांनी ऐकून घेतलं. त्यांच्या विहिरीवरचं इंजिन मिस्त्रीने एका उन्हाळ्यात रात्रंदिवस खपून चालू केलं होतं, ते त्या विसरल्या नव्हत्या. पुढच्या थांब्यावर एक पाव्हणा चढला आणि कानावर हात ठेवून म्हणाला, "केवढा हो हा आवाज!" तेव्हा साळूबाईच कडाडल्या, "कसला आवाज? गप बस तिकडं, वांग्यावर पाय पडून राह्यला तुझा!"

बाजाराच्या दिवसापर्यंत धावड्यापासून भोकरदनपर्यंत एकही माणूस उरला नाही ज्याला ती शिट्टी ऐकू येत होती. कुकरवाल्या बायकासुद्धा घड्याळ बघून डाळ उतरवायला लागल्या. एका वळणावर पोलिसाने गाडी थांबवली.

"हॉर्न अडकला का रे?"

"कसला हॉर्न, साहेब?" बद्रीनाथ म्हणाला.

"कसला हॉर्न, साहेब?" मागून सोळा माणसं एका सुरात म्हणाली. त्यातलं एक तान्हं होतं, तरी.

पोलिसाने टोपी काढली, करंगळी कानात घालून हलवली, परत ऐकलं. त्याचा चेहरा एवढा उतरला की मला वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी तो रजा टाकून कानाच्या डॉक्टरकडे गेला, असं ऐकलं.

पण लोकांनी नाही म्हटलं म्हणून लोखंड ऐकत नाही. गाडीने निळा धूर सोडायला सुरुवात केली. इंजिनातलं ऑइल कमी व्हायला लागलं. चढावर पहिला जोर राहिला नाही. मी एकदा हळूच म्हटलं, "बद्रीनाथ, जालन्याला नेऊन दाखव. भिरभिरं तुटून आत गेलं तर पुरं इंजिन बसंल."

"जालन्याला नेली की सांजच्याला भोकरदनात बातमी. बद्रूनं मिस्त्रीला सोडलं. मंग तो थांबतो का इथं?"

"आन् इंजिन फाटलं तर?"

"फाटू दे," तो म्हणाला. म्हणाला खरा, पण डॅशबोर्डवरून असा हात फिरवला, जसा आजारी बैलाच्या पाठीवरून फिरवतात.

शुक्रवारी दुपारी महेबूब एसटीने आला. जुम्म्याची नमाज झाली होती. मिस्त्री आणि तो समोरच्या हॉटेलात बाकावर बसलेले, मी शेजारी, आणखी चार-सहा नेहमीची मंडळी, बाकाखाली हॉटेलवाल्याचं कुत्रं. तेवढ्यात बद्रीनाथ फेरी घेऊन आला. लांबून निळा धूर दिसला, पण त्याच्याही आधी शिट्टी आली. त्या दिवशी तर ती पार किंचाळत होती, अॅक्सिलेटर सोडला तरी थांबेना.

महेबूब उठून उभा राहिला. "बद्रीचाचा, ये सीटी कैसी?"

बद्रीनाथ काचेतून डोकं काढून म्हणाला, "कौनसी सीटी, बेटा?"

"अरे, ये! पुंजाकाका, तुम्हाला ऐकू येत न्हाई का?"

"काय ऐकू यायला पायजे?" मी म्हटलं.

"तुमच्या बशीतला चहा हलून राह्यला, काका!"

"वाऱ्यानं," मी म्हणालो. झाडाचं पान हलत नव्हतं.

त्याने हॉटेलवाल्याकडे पाहिलं. हॉटेलवाला भजी तळण्यात गढून गेला, कढईत भजी नसतानासुद्धा. महेबूब एकेकाच्या तोंडाकडे बघत होता आणि जो तो असा शांत बसलेला, जशी काही मंडळी भजनाला आलीत.

आमची चूक एवढीच झाली की आम्ही सगळे महेबूबला सांभाळत होतो. मिस्त्रीकडे कुणाचं लक्ष नव्हतं. तो बघत होता. बशीतल्या चहावर आलेल्या बारीक लाटा त्याने पाहिल्या. बाकाखालचं कुत्रं कान पाडून दोन्ही पायांत डोकं खुपसून बसलं होतं, ते पाहिलं. मग पोराचा कानावर गेलेला हात पाहिला. आणि मग आमच्याकडे, एकेकाकडे, सावकाश.

तो उठला. गाडीजवळ गेला. बद्रीनाथ नेहमीसारखा मान खाली घालून मिनिटभराची श्रद्धांजली वाहत होता.

"बंद करू नको," मिस्त्री म्हणाला. "बोनेट खोल. किती दिवसापासून?"

"काय किती दिवसापासून?"

"बद्रू."

एवढंच म्हणाला. बद्रीनाथने टोपी काढली. "दिवाळीपासून."

"आन् सगळ्यांना माहीत?"

साळूबाई टोपली घेऊन उतरत होत्या, त्या तशाच थांबल्या. फक्त गाडी तेवढी शिट्टी मारत राहिली, जी त्या सगळ्या घोळक्यात एकट्या मिस्त्रीला ऐकू येत नव्हती.

मला वाटलं, आता हा सरळ जाऊन शटर ओढतो. पण मिस्त्री गॅरेजपुढच्या कडुलिंबाच्या झाडाकडे गेला. बोटाएवढी काडी मोडली, साल काढली, टोक चावून बघितलं. गाडीपाशी येऊन वाकला. काडीचं एक टोक टर्बोच्या लोखंडी पोटाला टेकवलं, दुसरं दातांत घट्ट धरलं. सत्तरीला आला होता, पण दात एक पडला नव्हता. तंबाखूला आयुष्यात शिवला नाही, त्याचं फळ. डोळे मिटले. हात वर केला.

अख्खा बसस्टँड थांबला. खोटं बोलत नाही, एक एसटी रिव्हर्स घेत होती, ती अर्ध्यातच थांबली.

काडीला कोवळा कडू वास सुटला. मिस्त्रीचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतोय. बघतो तर तोंडात काडी धरून माणूस हसत होता आणि काडीवरून लाळ गळत होती.

"आयला!" काडी काढून तो ओरडला. "कसली वरडती रे ही! आन् तुम्ही लोक रोज हिच्यात बसून येत होते?"

"आम्हाला काही त्रास न्हाई झाला," साळूबाई म्हणाल्या.

पण मिस्त्रीचं लक्ष नव्हतं. त्याने काडी परत दातांत धरली. बद्रीनाथला अॅक्सिलेटर दाबायला लावला, सोडायला लावला. काडी पाण्याच्या पंपावर ठेवली, मान हलवली. डायनामोवर ठेवली, मान हलवली. परत टर्बोवर आला आणि तिथंच राहिला. मग इंजिन बंद करायला सांगितलं, एक रबरी पाइप काढला आणि आतल्या भिरभिऱ्याला बोटाने ढकलून दाखवलं. पडायला आलेला दात हलावा तसं ते हललं. पाइपात ऑइल साचलं होतं.

"शिट्टीच्या खाली खर्र, खर्र घासून राह्यलं. बेरिंग खल्लास. ह्याला तापेल असताना तेल मिळालं न्हाई. एकदा न्हाई, रोज." तो सरळ झाला. "बद्रू, गाडी थांबवल्यावर मिनिटभर चालू ठेवतो का?"

"ठेवतो! तुझी आण!"

"ठेवतो, ठेवतो," आम्ही सगळ्यांनी एकदम साक्ष दिली. "आम्ही खोळंबतो ना रोज!"

"मंग तापेल इंजिन बंद करतो कुठं?"

बद्रीनाथ लिंबाच्या झाडाकडे बघायला लागला. मीही तिकडंच बघायला लागलो, कारण पुढच्या सीटवर मीच बसायचो.

आता हे सांगायला पाहिजे की आमच्याकडे जुन्या ड्रायव्हरांची एक सवय आहे. चढ चढून माथ्यावर आलं की किल्ली फिरवायची, गिअर काढायचा आणि गाडी उतारावर सोडून द्यायची. खालच्या नाल्यापर्यंत फुकटात. डिझेलचा थेंब नाही. जीप असताना बद्रीनाथ ते इतक्या सफाईने करायचा की आत झोपलेल्या माणसाची झोप मोडायची नाही. त्या सफाईचं त्याला कौतुकही होतं. टर्बो गाडी आली, सवय तीच राहिली. इंजिन बंद असलं की ब्रेक दगडासारखा जड व्हायचा, तरी तीच.

"माथ्यावर," बद्रीनाथ म्हणाला.

"कुठल्या माथ्यावर?"

"धावड्याहून येताना. उतारावर… बंद करतो."

मिस्त्रीने हातातलं फडकं जमिनीवर आपटलं. "आरं हैवान! सतरा माणसं घेऊन चढ चढेल गाडी, भिरभिरं लाल झालेलं, आन् तू तेलच बंद केलं त्याचं? तुला पहिल्या दिवशी काय सांगेल होतं?"

"तूच म्हणला, गाडी थांबवल्यावर मिनिटभर इंजिन चालू ठेव," बद्रीनाथ तितक्याच जोरात म्हणाला. "उतारावर मी गाडी थांबवली कुठं? ती तर पळत होती!"

महेबूबला हसू आवरेना, त्याने तोंड रुमालात लपवलं. आम्हीही सुटलो. सगळा बसस्टँड हसला, नुसती ती एसटी तेवढी अजून अर्ध्यातच उभी होती.

हसणं ओसरलं तसा मिस्त्री गंभीर झाला. फडकं उचललं, हात पुसले, बोट न् बोट पुसलं. शटर खाली ओढायचा लोखंडी आकडा भिंतीला टांगलेला असायचा, तो काढला.

"अब्बा?" महेबूब म्हणाला.

"जबान दिली होती. तू मागं लागला म्हणून न्हाई, माझी मी दिली होती. दिवाळीपासून शिट्टी वाजून राह्यली आन् मला पत्ता न्हाई. कुत्र्याला समजली, मला न्हाई."

"रोग तर सांगितला ना तू!" बद्रीनाथ म्हणाला.

"दातानं. कानानं न्हाई. मला वकिली नको शिकवू."

आकडा वर गेला, तसा बद्रीनाथ जाऊन नेमका शटरच्या खाली उभा राहिला.

"हट."

"वढ. माझ्या डोक्यावर वढ."

"बद्रू, हट म्हणलं ना."

"जायचं तर जा तू. मी आडवत न्हाई," शटरखालून न हलता तो म्हणाला. "पर एक सांगून ठेवतो. जालन्याहून नवा टर्बो बसवीन, आन् रोज माथ्यावर इंजिन बंद करीन. रोज. तो गेला की दुसरा बसवीन, त्याचं बी तेच करीन."

"इंजिन मरंल रे!"

"मरू दे. तू तिसऱ्या मजल्यावर बसून ऐक."

दोघं म्हातारे शटरखाली समोरासमोर उभे. मिस्त्रीचा आकड्याचा हात वरच. कुणी मधे पडेना.

त्या वेळी महेबूब काय करत होता, ते फक्त मी पाहिलं. तो लिंबाकडे गेला होता. त्याने एक काडी मोडली, बापासारखी साल काढली. गाडीत बसून किल्ली फिरवली, उतरला, वाकला आणि काडी दातांत धरली. हा पोरगा रोज शंभर बेरिंगं डब्यातून काढून गिऱ्हाइकाच्या हातात ठेवतो. पण बेरिंग चालताना कसं बोलतं, हे त्याने कधी ऐकलं नव्हतं. लहानपणी मिस्त्रीने त्याला गॅरेजात उभं राहू दिलं नाही, हात काळे होतील म्हणून.

तो वाकलेला तसाच राहिला. कितीतरी वेळ. मग तोंडात काडी तशीच ठेवून म्हणाला, "अब्बा… ये तो बाताँ कर रा."

मिस्त्रीने मान वळवली.

"हौ," तो म्हणाला. "चालीस साल से कर रा."

"ये खर्र खर्र?"

"वोईच बेरिंग. ठैर, ऐसा नै." आकडा काखेत धरूनच मिस्त्री त्याच्यापाशी गेला. न्हावी मान फिरवतो तशी त्याने पोराची मान दोन्ही काळ्या हातांनी फिरवली. "काडी जरा नीचे. अब?"

"अब पानी जैसा कुछ."

"वो पंप. बढिया है."

"और ये टिक टिक?"

"वो तेरी घडी है. उतार के रख."

महेबूबने घड्याळ काढून माझ्या हातात दिलं आणि परत वाकला. "और ये, इदर?" असं त्याचं सुरू झालं ते थांबेना. शेवटी मिस्त्रीनेच बद्रीनाथला ओरडून इंजिन बंद करायला लावलं. बिचारी गाडी आधीच अर्धमेली, तिच्यावर किती शिकायचं. बद्रीनाथ शटरखालची जागा सोडून आला, आणि मिनिटभर थांबून मगच किल्ली फिरवली. मिस्त्री त्याच्याकडे बघत उभा होता.

पण लोक काही हलेनात. ज्याला त्याला ऐकायचं होतं. म्हणून शेजारी उभा असलेला एक ट्रॅक्टर चालू केला आणि बसस्टँडवर रांग लागली. त्या दिवशी लिंबाचं झाड खालून पार बोडकं झालं. बद्रीनाथने काडी धरली तर त्याची कवळी इंजिनाच्या तालावर वाजायला लागली, ती हातात काढून घ्यावी लागली. साळूबाई म्हणाल्या, जात्यासारखंच लागतं. सुट्टीवरचा तो पोलीसही रांगेत होता. त्याला ऐकू आलं तेव्हा तो ट्रॅक्टरवाल्याच्या गळ्यातच पडला. माझे खालचे दोनच दात राहिलेले, म्हणून मला ट्रॅक्टरचे दोनच सिलिंडर ऐकू आले. तिसरा नीट चालत नव्हता असंही असेल.

या सगळ्या गोंधळात कमरबी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. तिने नवऱ्याच्या हातातला आकडा पाहिला आणि जागीच थांबली. मग पोराकडे बघितलं. महेबूब ट्रॅक्टरवर वाकलेला, काडी दातांत, डोळे मिटलेले, शर्टाच्या कॉलरवर बापाची काळी बोटं उमटलेली.

"महेबूब," तिने विचारलं. आवाज बारीक होता, पण मिस्त्रीने तिचे ओठ बघूनच ओळखलं आणि तोही थांबला. "सामान बाँधूँ क्या?"

महेबूबने डोळे उघडले. तोंडात काडी असल्यामुळं त्याला बोलता येईना, आणि काडी काढायची त्याची तयारी नव्हती. त्याने नुसती मान हलवली. नाही.

मिस्त्री आकड्याकडे बघत राहिला. मग तो त्याने बद्रीनाथच्या हातात दिला, जसं काही आपल्याला हात पुसायचे आहेत म्हणून कुणीतरी जरा धरावा.

कमरबीने रांगेकडे एक नजर टाकली, ट्रेमधल्या चार कपांकडे पाहिलं आणि आणखी दूध चढवायला आत निघून गेली.